ओकालीची हाक

म्हातारा: …आणि ह्याच्या पुढचं कोणी खरं मानत नाही. म्हणून मी ते फक्त ड्रायव्हर लोकांना सांगतो. रस्त्यावर काय काय बघितलेली माणसं तुम्ही, तुमची छाती मोठी. बस त्या ओंडक्यावर.

मुलगी: ताता, तो बसायला नाही, गाडी काढायला आलाय. गादी टपावर गेली, भांडी डिकीत गेली, कोंबड्या गावात अत्वोकीकडे पोचवल्या. आता राहिलात तुम्ही आणि तुमच्या बुडाखालचं स्टूल.

ड्रायव्हर: जरा टेकतो, मॅडम. कंपालापर्यंत पाय आखडूनच बसायचंय. आणि जाजा, मला ते पहाटेचं विचारायचंच होतं. मी गाडीत झोपलो होतो. उजाडायच्या आधी त्या केळींच्या मागून आवाज उठला. हू-हू-हू, चढतच गेला, चढतच गेला, शेवटी किंकाळी! मग दोनदा ठसका आणि लांबलचक घुर्र. मी काचा वर केल्या आणि आठवतील तेवढ्या संतांची नावं घेतली.

म्हातारा: ऐकलंस, अमूती? साक्षीदार मिळाला.

मुलगी: मीही ऐकलं. जंगल घराला टेकलंय. चिंपांझी ओरडणारच.

म्हातारा: चिंपांझी काय म्हणतेस! ओकाली.

ड्रायव्हर: ओकाली कोण?

मुलगी: काटेंडे, विचारू नकोस.

म्हातारा: विचारलं त्यानं. संपलं आता. हे बघ काटेंडे, तू बुगांडाचा, तुमच्यात हे नसतं. आम्हा तोरो लोकांत नावाखेरीज प्रत्येकाला एक पाको असतं. नाव शाळेत लागतं, कोर्टात लागतं. पाको घरात, बाजारात, मयताला, लग्नाला. लाडही त्यातच आणि मानही त्यातच. ठरलेली थोडीच आहेत, त्यातलंच एक आईबाप देतात. ही अमूती. हिची आई अबूकी. आणि ओकाली राजाचं. राजा सोडून दुसऱ्या कोणी लावून घ्यायचं नाही.

ड्रायव्हर: आणि तुमचं?

म्हातारा: अराली.

ड्रायव्हर: अलाली.

म्हातारा: अ-रा-ली.

ड्रायव्हर: तेच म्हणतोय की. अलाली.

म्हातारा: बाबा रे, तुमच्याकडे र आणि ल एकाच खुंटीला बांधलेले असतात. राहू दे. तू आपलं तुमच्यातलं जाजाच म्हण, आजोबा.

मुलगी: ताता, ऊन चढतंय.

म्हातारा: चढू दे, त्याला कुठे कंपालाला जायचंय. तर मी जंगलात पाहुण्यांना चिंपांझी दाखवायचो. त्या टोळीतल्या प्रत्येकाला मी पाको दिलं होतं. आणि जो सगळ्यांचा म्होरक्या, खांदे असे, ह्या दारात मावायचे नाहीत असे, त्याला दिलं ओकाली. झालं! गावातले म्हातारे काठ्या घेऊन आले. राजाचं पाको माकडाला? मी म्हटलं, माकड असेल तर शेपूट दाखवा. आले सगळे माझ्या मागोमाग शेपूट बघायला.

ड्रायव्हर: जंगलात?

म्हातारा: जंगलात! उंबराच्या मुळावर ओकाली बसलेला, पाय पसरून. ह्यांना बघून उठला नाही, ओरडला नाही. नुसता हात पुढे केला. आता आमचा सगळ्यात मोठा म्हातारा, त्याला साठ वर्षांची सवय. समोरून हात आला की धरायचा आणि विचारायचं. त्यानं हात धरला आणि म्हणाला, “तुझं पाको काय रे?” मागून मी म्हटलं, “ओकाली.” “बरा आहेस ना, ओकाली?” म्हणाला म्हातारा. एकदा तोंडातून बाहेर पडलेलं पाको परत घेता येत नाही. काठ्या टेकत घरी गेले सगळे.

ड्रायव्हर: हात धरला? चिंपांझीचा?

मुलगी: मी लहान असताना ह्या गोष्टीत ओकालीनं नुसती मान हलवली होती. हात आत्ता आला.

म्हातारा: तू लहान होतीस, हात कळला नसता.

ड्रायव्हर: पण मग तो राजा इथे केळीत काय करतो?

म्हातारा: राजा राहिला नाही तो. त्यांच्यात असं असतं, की खालच्यानं वरच्याला बघितलं की वाकून हं-हं-हं-हं असं करायचं. सलामच म्हण. सकाळी उठला की ओकालीला सगळ्या टोळीचा सलाम व्हायचा, पोरंसोरंसुद्धा करायची. मग दोन तरुण एक झाले. एकानं पुढून धरलं, दुसऱ्यानं मागून. तसं लागलं काही नाही, कान फाटला आणि दोन बोटं गेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला, झाडाखाली येऊन बसला आणि एकेकाकडे बघत राहिला. एकानंही हं केलं नाही. बाजूनं जात होते, आपली उंबरं खात होते.

ड्रायव्हर: अरेरे.

म्हातारा: ते मी बघितलंय. त्यात एक शब्द वाढवलेला नाही.

मुलगी: …हे खरं आहे, काटेंडे. त्या दिवशी ताता जेवले नव्हते. आई सांगायची.

म्हातारा: तेव्हापासून तो एकटा. कडेकडेनं राहतो, पडलेली फळं खातो. मी रोज जाऊन लांबून बघून यायचो. मग ह्या पावसाळ्यात मला हा खोकला लागला, आणि… ख्खो, ख्खो, घुर्रर्र…

मुलगी: पाणी घ्या. म्हणूनच डॉक्टरला दाखवायचंय. कंपालात छातीचा डॉक्टर आहे, माझ्या घरापासून जवळ.

म्हातारा: काटेंडे, तुला माहीत आहे? खोकणाऱ्या माणसाला जंगलात सोडत नाहीत. आपली सर्दी त्यांना बाधते. आपल्याला नुसतं नाक गळतं, त्यांच्यातलं पोर मरतं. कितीतरी पाहुण्यांना मी स्वतः फाटकातून परत पाठवलं. लांबून लांबून आलेले, एक बाई तर रडली. नाही म्हणजे नाही. मग एके दिवशी फाटकावरच्या नव्या पोरानं मला थांबवलं. “मझे, तुम्हाला खोकला आहे.” बरोबर होतं त्याचं. मीच शिकवलेलं.

ड्रायव्हर: मझे म्हणाला? तो तर मानच झाला की. आम्ही म्हाताऱ्या माणसाला मझेच म्हणतो.

म्हातारा: रस्त्यावरच्या प्रत्येक पांढऱ्या डोक्याला म्हणता. बकरीची दाढी पिकली तर तिलाही म्हणाल. ती पोरं लांबच्या जिल्ह्यांतली, त्यांना पाको विचारायची पद्धत ठाऊक नाही. शेजारचा अचाली विचारायचा, तो होइमाला मुलाकडे गेला. अबूकी त्या केळींखाली. आठवड्यामागून आठवडे जातात, माझं पाको कोणाच्या तोंडून येत नाही. स्वतःच स्वतःला म्हणून बघितलं. पण स्वतःला गुदगुल्या करून घेण्यासारखं ते. काही होत नाही.

मुलगी: मी दर रविवारी फोन करते.

म्हातारा: करतेस ना. “ताता, औषध घेतलं? ताता, जेवलात?”

मुलगी: मग काय विचारायचं?

म्हातारा: काही नाही. लहानपणी पाठीवर चढून अराली, अराली करून कान किटवायचीस, ते आठवलं.

मुलगी: माझ्या घरात पाको कोणी म्हणत नाही, ताता. नवऱ्याला माहीत नाही, मुलांना माहीत नाही. जिभेची सवय गेली.

म्हातारा: जाते. मी कुठे काय म्हटलं?

ड्रायव्हर: जाजा, ते कोणी खरं न मानण्यासारखं काय ते राहिलंच.

म्हातारा: तेच सांगतोय. मला फाटकातून परत पाठवलं. नंतर मी इथे ह्याच स्टुलावर बसलेलो, पहाटेची वेळ. केळींची पानं हलली. बघतो तर ओकाली! फाटका कान, तीन बोटांचा हात. मी त्याच्याकडे जाऊ शकत नाही म्हणून तो माझ्याकडे आला. दोन केळी खाल्ली. सालं इकडेतिकडे टाकली नाहीत, एकावर एक रचून ठेवली. जाताना अबूकीच्या थडग्यावर पाय दिला नाही, वळसा घालून गेला. आणि जंगलाच्या कडेला पोचल्यावर वळून हाक मारली. हू-हू-हू-हू, आणि शेवटी अगदी स्पष्ट, “अराली!”

ड्रायव्हर: देवा!

म्हातारा: र लागला त्याला. तुझ्यापेक्षा बरा.

ड्रायव्हर: मला पहाटे हू-हूच ऐकू आलं. मग तो ठसका.

म्हातारा: तोच “अराली”. काचा वर करून ऐकलंस तर ठसकाच ऐकू येणार.

मुलगी: आणि हे रोज?

म्हातारा: रोज पहाटे. तो मारतो, मी ओ देतो. त्याला कोणी सलाम करत नाही, मला कोणी पाकोनं बोलवत नाही. आमचं दोघांचं भागतं. आता तू सांग, अमूती. मी कंपालाला गेलो आणि उद्या पहाटे त्यानं हाक मारली, तर ओ कोण देणार? अत्वोकीच्या कोंबड्या?

ड्रायव्हर: मॅडम… म्हणजे मी बोलू नये, पण… असं मुकं जनावर…

मुलगी: तू गादी बांध नीट, सुटतेय ती. ताता, तो किती जवळ येतो?

म्हातारा: त्या फणसापर्यंत. कधी कधी इथे, ह्या स्टुलापर्यंत.

मुलगी: आणि तुम्ही खोकत असता. रडणाऱ्या बाईला तुम्ही फाटकातून परत पाठवलंत. आणि ओकालीला स्टुलापर्यंत येऊ देता?

म्हातारा: मी… तोंडाला फडकं बांधतो.

मुलगी: कुठलं?

म्हातारा: डिकीत गेलं असेल. तूच भरलंस सगळं.

मुलगी: बरं. मग असं करू. आत्ता हाक मारा त्याला. तुमच्यासारखी हाक कोणाला येत नाही, पाहुणे टाळ्या वाजवायचे. त्यानं उत्तर दिलं तर काटेंडे सामान उतरवेल आणि मी एकटी जाईन, परत हा विषय काढणार नाही. नाही दिलं, तर तुम्ही स्टुलासकट गाडीत.

म्हातारा: उन्हात तो बोलत नाही.

मुलगी: ऊन चढू दे, असं मघाशी कोण म्हणालं?

ड्रायव्हर: मारा जाजा! मला तर ऐकायचंच आहे. काचा उघड्या ठेवतो.

म्हातारा: शब्द म्हणजे शब्द?

मुलगी: आईच्या थडग्यासमोर उभी राहून बोलतेय.

म्हातारा: मग बाजूला व्हा जरा. उभा राहतो मी.

(म्हातारा तोंडाशी दोन्ही हात धरून हाक घालतो: हू-हू-हू, चढत चढत, शेवटी किंकाळी. मग दोनदा ठसका आणि लांबलचक घुर्र. जंगलातून काहीच येत नाही.)

ड्रायव्हर: …काय हाक आहे, जाजा! माझ्या अंगावर काटा आला. अगदी पहाटेसारखी! अगदी तश्शीच, शेवटच्या…

मुलगी: काटेंडे.

ड्रायव्हर: हो मॅडम. मी… मी गाडी वळवतो.

म्हातारा: थांब, थांब. ऐकलंय त्यानं. त्याला वेळ लागतो, तो एकदम उत्तर देत नाही, राजा होता तो. पानं हलली का ग तिकडे? तू बघ, तुझे डोळे चांगले आहेत. हलली ना?

मुलगी: वारा आहे.

म्हातारा: जरा थांबू. तो मलाच हाक मारतो ग, अमूती. दुसऱ्या कोणाला नाही.

मुलगी: पहाटेही शेवटी खोकला तुमचाच होता, अराली.