पाटी तशीच राहू दे

– असू द्या हो, माहितीये मला. पाटीवर चूक आहे. एक नाही, दोन आहेत, दुसरी तुमच्या लक्षात आली नाही अजून, जाताना बघा. आता बसा इथं. असं. हे कापड जरा गळ्याशी आवळते, केस आत जातात नाहीतर... नाही नाही, रंगाऱ्याची चूक नाही ती. तो बिचारा दोनदा विचारायला आला, बाई, हे असंच काढायचं? म्हटलं, असंच. ठळक काढ. रस्त्याच्या पलीकडून दिसलं पाहिजे. आणि गंमत सांगू? गिऱ्हाइकं येतात. पाटी चुकली म्हणजे कात्रीही चुकणार, असं आजवर एकीला वाटलं नाही. तुम्हीच पहिल्या – आत पाऊल टाकलं नाहीत तोच पाटी! छे, राग कसला. सवय असते एकेकाला. कुणीतरी लावलेली असते.

किती कापायचे? बोटभर? बरं. – मुद्दाम म्हणजे कुणासाठी? अहो, एका माणसासाठी. रोज स्कूटरवरून ह्याच रस्त्यानं जातो. पाटी लावली तेव्हा पहिले काही दिवस स्कूटर कशी हळू व्हायची, मान कशी वळायची, मी आतून बघत होते. दाताखाली खडा आल्यासारखा चेहरा. मी त्याला पंडित म्हणते. आधी 'अहो' म्हणायचे, मग कोर्टानं सोडवलं, तेव्हापासून पंडित. ऑफिसातल्या लोकांचे क्लास घेतो – पत्र कसं लिहावं, अर्ज कसा लिहावा. आणि स्वतःला किती येतं? सांगू? काही नाही. सगळा डोलारा त्या कॉम्प्युटरवर. लाल रेघ आली की चूक, रेघ गेली की बरोबर, संपलं ह्याचं व्याकरण! पण दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बरोबर दिसायचं. किराण्याची यादी लिहिली तरी म्हणायचा, आधी टाइप कर, किती लाल होतंय बघ, मग दुकानात जा. हसताय ना? मीही हसले. वर्षभर हसले. मग त्यानं माझ्या फोनवर तेच बसवलं, इथल्या कॉम्प्युटरवर तेच बसवलं, आणि गिऱ्हाइकाला 'पाचला या' एवढं कळवायचं तरी माझा अंगठा अडायला लागला. लिहायचं, पुसायचं, परत लिहायचं. मी हो! कात्री हातात घेतली की कुणाच्या बापाला न विचारणारी बाई मी!

मान ताठ नका करू, सैल सोडा. लागेल.

– मग माझे वडील गेले. दवाखान्यातून कळलं. भाऊ परगावी, त्याचा फोन लागेना, म्हणून मेसेज लिहिला. काय लिहिलं ते मलाही धड आठवत नाही, डोळ्यांपुढे अक्षरच दिसत नव्हतं. ह्यानं हातातून फोन घेतला. मला वाटलं, चला, आज तरी धीर देतोय. तो लाल रेघा घालवत बसला. एकेक शब्द दाबून बदलला, मग वाक्यंच्या वाक्यं बदलली, आणि म्हणाला – शांतपणे हो, पाणी मागावं तसं – 'दुःखात चुका होतात, पण वाचणारा दुःखात नसतो.' अहो, वाचणारा माझा भाऊ होता! त्याचाही बापच गेला होता! भाऊ आला आणि पहिलं काय विचारलं त्यानं? 'ताई, तुझ्या फोनवरून दवाखान्यानं लिहिल्यासारखा मेसेज आला, तू स्वतः का नाही कळवलंस?' काय सांगणार त्याला? बापाच्या मरणाची बातमीसुद्धा माझ्या तोंडची राहू दिली नाही ह्या माणसानं. तेव्हा ठरवलं. नुसतं निघायचं नाही. निघायच्या आधी याचं काहीतरी करायचं.

काय केलं? एवढं केलं बघा. लाल रेघेवर क्लिक केलं की एक बटण येतं, 'ॲड टू डिक्शनरी'. म्हणजे काय, तर हा शब्द बरोबर आहे, पुन्हा तोंड उघडू नकोस. एका दुपारी तो क्लासला गेला आणि मी त्याच्या टेबलाशी बसले, त्याच्या खुर्चीत, चांगला आल्याचा चहा घेऊन. लग्न झाल्यापासून ज्या ज्या शब्दावरून मला बोलला होता, तो एकेक शब्द तसाच चुकीचा टाइप केला. आठवत होते सगळे! कुठला पाहुण्यांसमोर, कुठला आईसमोर, कुठल्यावरून जेवता जेवता रडवलं. टाइप करायचा, बटण दाबायचं. हा बरोबर. हाही बरोबर. मग ते ऑटोकरेक्ट असतं ना, तिथं सगळं उलटं भरलं – ह्यानं चुकून नीट लिहिलंच, तर यंत्रानं गुपचूप माझ्यासारखं करून ठेवावं. यंत्राचं काय हो, मालक सांगेल ते खरं. बायकोसारखंच. अंधारून आलं तेव्हा भानावर आले. एवढं सुख मला त्या घरात कधी लागलं नव्हतं.

आणि ही पाटी! पाटीवरचे दोन्ही शब्द त्यातलेच. एकदा थांबून फोटो काढून नेला त्यानं, घरी जाऊन यंत्राला विचारायला. यंत्र काय सांगणार? बरोबर आहे! दुसऱ्या दिवसापासून मान वळवायचा बंद झाला. तेव्हा कळलं मला, बाण बसलाय.

आता तर पुस्तकच काढतोय. 'बिनचूक लिहा'! कुणाला वाचायला दिलेलं नाही, माणसाची नजर थकते म्हणे, यंत्राची थकत नाही. छापखानेवाल्याची बायको येते माझ्याकडे, ती सांगत होती, त्यांच्या माणसाला शंका आली तर हा अंगावर धावून गेला – एका अक्षराला हात लावाल तर खबरदार! उद्या सकाळी छपाई. मग समारंभ, हारतुरे, समोर सगळी त्यानं शिकवलेली मंडळी. मी जाणार आहे. ठेवणीतलं नेसून जाणार, शेवटच्या रांगेत बसणार, पुस्तक विकत घेणार आणि त्याच्याकडून त्यावर सही घेणार. – कुठं बोलू नका हं. तुम्ही परक्या, पहिल्यांदाच आलात, म्हणून बोलून गेले. परक्याला सांगितलेलं बरं, पोटही हलकं होतं आणि बाहेरही...

मेसेज आलाय तुमच्या फोनवर. राहू द्या, हात कापडाखाली आहेत, मी देते –

फोटोतला हा चष्मा मी निवडला होता.

...कधी आहे लग्न? पुढच्या महिन्यात. असं. आणि ही जागा कुणाची ते बोलला नाही तुम्हाला. नाहीच बोलणार. तरीच म्हटलं, आल्या आल्या पाटी.

धरा, घ्या हातात. 'कुठे आहेस' विचारतोय, उत्तर द्या, त्याला थांबायला आवडत नाही. लिहा ना. कुणाच्या खुर्चीत बसलाय तेही लिहा, काय काय ऐकलंत तेही लिहा. अजून वेळ आहे, त्यानं छापखान्यात एक फोन केला की सगळं थांबेल. मी काही तुमचा हात धरणार नाही. माझंच तोंड फुटकं, भोगेन मी.

...पुसलंत का? बरोबर होतं ते.

परत पुसलंत. अहो, 'येते' एवढंच तर लिहायचंय.

...अंगठा अडतोय ना? आरशात दिसतोय मला. लग्नाच्या आधीच?

– ठेवलात? पालथा?

बरं. मान खाली घ्या. मागची बाजू राहिलीये.