कात्री बाप्यांची, खुरपं बायांचं

म्या पिशोरकडची. आमी शेळ्यामेंढ्यावाले लोक, रान हीच शाळा आन् बाप हाच मास्तर. सात वर्षांची आसंन तव्हापासून बाप मला बाभळीवर चढवायचा आन् खालून सांगायचा, पोरी, आधी फांदीच्या खालून घाव घाल, मग वरून, नायतर फांदी पडता पडता खोडाची साल सोलून नेती. शेळीचं पोट भरलं पायजे आन् झाडबी जगलं पायजे. काय सांगू तुम्हाला, माझ्या हातानं मेलेलं एक झाड दाखवा.

लगीन होऊन मुकुंदवाडीत आले आन् ठेकेदाराकडं बागकामाला लागले. एकवीस वर्षं खुरपं, निस्तं खुरपं. गुडघे गेले. मागल्या साली कळलं, बागकामाचं शिक्षण निघालंय, तीन महिन्यांचं, बागेचा नकाशा काढाया शिकवतेत, छाटणी शिकवतेत, पास झालं की मुकादम. म्हणलं, आपल्याला पायजे, मरंस्तोवर वाकूनच बसायचं का? वही, पट्टी, पेन्सिल घेऊन निघाले तर सून म्हणती, आत्याबाई, दप्तर राह्यलं!

आन् तिथं काय? सरांनी बाप्यांना कात्र्या वाटल्या, करवती वाटल्या, आन् आमा पाच बायांना खुरपी. म्हणले, मावशी, तुमचा हात बसलेला हाय, ही हिरवळ तेवढी निंदून घ्या, मग वर्गात या. गवत कधी सरतं का हो? इकडून काढलं की तिकडून उगवतं. तीन महिने आमी त्यांचीच बाग निंदली आन् फळ्यावरचा नकाशा खिडकीतून बघितला. म्या इचारलं, सर, आमाला झाडावर कव्हा चढवता? तर म्हणले, लुगड्यावर चढता का मावशी, पडल्या तर माझ्या नोकरीवर येईल. म्हणलं, तुमी रांगत व्हते तव्हा म्या शेंड्याला बसून भाकर खात व्हते. सगळे हसले. हसण्यावारी नेलं, त्याचाच तर लई राग येतो.

परीक्षेच्या दिवशी एक बाप्या लिंबावर चढला आन् वरूनच करवत लावली. फांदी गेली ती हातभर साल घेऊन. म्या वरडले, खालून घाव घाल की रे बाबा! सर मलाच दटावतेत, मावशी, परीक्षा त्याची हाय. म्हणलं, मंग माझी कव्हा? तर म्हणले, तुमची झाली की, निंदणीत पाचीजणी पास. कागदावर काय, तर मदतनीस. आन् त्या सालकाढ्याला मुकादमीचा कागद!

म्या कागद टेबलावर ठेवला. म्हणलं, नापास करायचं तर झाडावर चढवून करा, खाली बसवून पास करू नका.

चार महिने झाले, माझी झाडावरची परीक्षा घ्या म्हणून दर सोमवारी जाते, सर म्हणतेत वर इचारतो. इचार बाबा. बाकी चौघींनी कागद घेतले, त्यांना बोल लावत नाय, ज्याची त्याची अडचण. पण मागल्या महिन्यात नवा वर्ग बसला, तर परवा त्यातल्या दोन पोरींनी खुरप्याला हातच लावला नाय, कात्री द्या म्हणून हिरवळीवर ठाण मांडून बसल्या. सर माझ्याकडं आसं बघतेत जसं म्याच शिकवलं. व्हय, म्याच शिकवलं, दर सोमवारी, फाटकापाशी. माझा कागद येवो नायतर न येवो, देव त्या पोरींना नीट वर चढवो आन् नीट खाली उतरवो.