बिनबोल्टची रायफल

हसणार नसाल तर सांगतो. आमच्या उंब्रजच्या तानाजीला नेमबाजीचं लय याड. पॉइंट टू-टू रायफलचं लायसन हातात पडलं आणि मिरजेत एक जुनी रायफल विकायची हाय असं कळलं. मला म्हणाला, "गड्या, तू फौजी माणूस. पारखायला चल." वीस वर्सं फौजेत काढलेली, छाती फुगवूनच गेलो.

विकणाऱ्या एक काकू, रायफल त्यांच्या वारलेल्या मालकांची. आधी रिकामी हाय का बघावं म्हणून गोळीचं घर उघडायचा बोल्ट ओढायला उजव्या अंगाला हात घातला, तर बोल्टची मूठच न्हाई! डाव्या अंगाला चाचपलं, तिथंबी न्हाई.

"तान्या, मोडकी हाय रं. आवं काकू, निम्म्या किमतीतबी कोण घ्यायचं न्हाई ही!"

काकूंनी चष्मा लावला, रायफल घेतली आणि ट्रिगरभोवतीची कडी खाली ओढून वर केली. खटक, खटक.

"हिला बोल्टची मूठ नसते, उघडायचा लिव्हर असा खाली असतो. फौजेत कुठल्या हुद्द्यावर होतात?"

"सुभेदार," मी पुटपुटलो.

तानाजीनं पूर्ण किमतीला व्हय म्हटलं. मग चहा आला. काकूंनी बिस्किटांचा डबा माझ्यापुढं ठेवला, क्षणभर माझ्याकडं बघितलं, आणि झाकण स्वतःच उघडून दिलं.