सुन्याचा वेदनेचा गायक

रॉकचं मला सांगू नका, मी ते धुळ्यात सुन्याच्या गच्चीवर शिकलोय. आख्ख्या कॉलेजात इंग्रजी गाणी कळणारा तो एकटाच, असं तोच सांगायचा. टेपचे संपत आलेले सेल उन्हात तापवून परत घालायचा. मग गायक जड आवाजात रेंगाळत गायचा आणि सुन्या डोळे मिटून म्हणायचा, "ही वेदना तुमच्या हिंदी गाण्यांत आहे का?" आम्ही गुपचूप माना हलवायचो.

एकदा कॅसेट लावली, तर तोच गायक वरातीत नाचल्यासारखा भराभर गायला लागला. सुन्या ओरडला, "कॅसेटला हात कोणी लावला?"

जिन्यातून त्याचे आबा म्हणाले, "कॅसेटले नही रे, मी नवा सेल टाकात. बठ्ठी वेदना गई!"

सुन्यानं नवे सेल काढून आबांच्या हातात दिले आणि जुने पुन्हा उन्हात मांडले.