भिंतीकडची बाजू

—नाही हो काकू, चुकून कशाला, तुमच्या फाटकासमोरच्या झाडावर लाल फुली मीच मारली, चांगली शुद्धीत मारली. बसा ना — ती खुर्ची डुगडुगते, ही घ्या. पानं हिरवीगार आहेत म्हणता? असतील. पानांवर काय जाताय! आमचं काम कसं, ही लाकडी हातोडी घ्यायची, खोडाला चारी बाजूंनी ठोकायचं आणि ऐकायचं. भरीव आवाज आला की हिरवा ठिपका, पोकळ आला की लाल फुली — मग कापणारे येतात. तेवीस वर्षं हेच करतोय.

तर मोठ्या बागेतलं एक झाड, अगदी भिंतीला खेटून. मागे काटे, घाण — कोण शिरतंय तिथे? तीन बाजूंनी ठोकलं, चौथी अंदाजपंचे लिहून टाकली. सगळेच लिहितात, मी काय एकटा? दिला हिरवा ठिपका. आठवड्याने वाळक्या फांद्या उतरवायला दाजी आले — ताईचे यजमान, आमच्याच उद्यान खात्यात होते ते, फांद्या छाटायला. दोर बांधता बांधता हसले, म्हणाले, "आमच्या शालकांचा ठिपका आहे, डोळे झाकून चढतो." चढले. खोड भिंतीकडच्या बाजूनेच मोडलं. आतून नुसता भुसा. दाजी जागच्या जागी गेले.

—नको, पाणी नको. मला काही होत नाही. खरंच काही होत नाही, तेव्हा रडूसुद्धा आलं नाही. साहेबांनी कागदावर कारण म्हणून वारा लिहिला. ताईलाही वाराच माहीत. ती अजून रोज मला डबा देते — दाजींच्याच डब्यात. बोलली असती, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तिला ठाऊकच नाही, तर ती काय बोलणार? मी आपला खातो. चव लागत नाही, पण संपवतो.

तेव्हापासून — कुणाला सांगू नका हं — हिरवा रंग उघडलाच नाही मी. तुमचं झाड? ठोकलं की. चारी बाजूंनी, दोन-दोनदा. भरीव आहे. इतका भरीव आवाज कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. मग फुली का? अहो, कापलेल्या झाडावर कुणी चढत नाही काकू.

उद्या नऊला येतील ते. फाटकाजवळची गाडी तेवढी हलवून ठेवा. या आता — माझी डब्याची वेळ झाली.