जुबिलीचा बँड

१९५७च्या मार्चमध्ये मी बाळापूरच्या मोटारस्टँडवर अकोल्याच्या गाडीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर बँडवाले वाहेदमियाँ मांडीवर क्लॅरिनेट घेऊन बसले होते. पांढऱ्या लुगड्यातली एक बाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

“वाहेदभाई, चौदा एप्रिलले आमच्या जयंतीत तुमाले वाजवा लागते.”

“मनकर्णाबाई, त्या दिवशी पातूरले लगन हाय.”

“लगनं रोजच होतात. धम्म घेतल्यावरची आमची पह्यली जयंती हाय ना!”

“दुसरा बँड पाहा. माहे गडी आता बुढे झाले.”

“जुबिलीले तर लय वाजवलं होतं.”

“कोनती जुबिली?”

“त्या गोऱ्या राजाची. मी तवा नवी नवरी होऊन आली होती.”

“या खुदा! मे महिन्याचं ऊन अन् अंगात लोकरीचा कोट. राजाचं गानं कोनाले येत होतं? नवरी सासरी धाडतानाचं वाजवलं. साहेब टोपी काढून उभा राह्यला!”

“आमी त्याच्यावर नाचलो. मी अन् माही सासू.”

“तुमी? तहसिलीसमोर तर दिसल्या नाई.”

“आमाले तिकडं कोन येऊ देत होतं? नाल्यापलीकडं होतो. वारा आला का आयकू ये, वारा पडला का नाच थांबे.”

वाहेदमियाँनी क्लॅरिनेटवर बोटं फिरवली.

“लगन सकाळचं हाय. चार वाजता येतो. मिरवणूक कुठून निघते?”

“नाल्यापलीकडून.”