घरचा माणूस

नाव : धनश्री वाल्मिक पालवे. वय २३ वर्षे. शिक्षण बी.ए. (इतिहास). धंदा नोकरी. राहणार खोडदे पेपर मिलच्या खोल्या, सुपा, ता. पारनेर, जि. अहिल्यानगर. मूळ गाव पाथर्डी तालुक्यात.
वडील : कै. वाल्मिक भिमाजी पालवे, मिल कामगार. (दुरुस्ती केली, सही.)

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांनी मला पहिला प्रश्न विचारला, "तुझे वडील मिलमध्ये कोण होते?" या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. बाकी जे माहीत आहे ते सांगते. सुरुवातीपासून सांग असे मला सांगण्यात आले, म्हणून सुरुवातीपासून सांगते.

खोडदे पेपर मिल आप्पासाहेब खोडदे यांनी १९८५ साली सुरू केली. तेव्हा उसाचे चिपाड आणि गव्हाचे काड भिजवून पिवळा पुठ्ठा करीत. वाळवायला यंत्र नव्हते. बाया ओले पुठ्ठे माळावर उन्हात पसरत आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर दगड ठेवत. पुढे आप्पासाहेब वारले. त्यांचे चिरंजीव सुनीलशेठ यांनी मोठे मशीन आणले. आता पुण्याहून रद्दी येते, ती पाण्यात घुसळून तिचा लगदा होतो आणि लगद्याचा खोक्यांसाठी तपकिरी कागद होतो. ही माहिती मी जुन्या लोकांना विचारून जमवली आहे.

माझे आईवडील पूर्वी ऊसतोडीला जात. माझ्या जन्मानंतर वडिलांनी कोयता सोडला आणि ते मिलमध्ये आले. रद्दीचे गठ्ठे फोडणे, मशीन तुंबले की मोकळे करणे, टाक्या धुणे ही कामे ते करीत. हजेरीवर त्यांचे नाव नव्हते. वडिलांनी एकदा विचारले तेव्हा सुनीलशेठ म्हणाले, "वाल्मिक, हजेरी परक्याची घेत्यात. तू घरचा माणूस." वडिलांनी ही गोष्ट घरी येऊन आनंदाने सांगितली होती. मला ती आठवते.

सन २०१४ मध्ये दिवाळीनंतर वडील मयत झाले. मी तेव्हा सहावीत होते आणि शाळेत होते. त्यावेळी अकस्मात मृत्यूची नोंद झाली. तिच्यात मयत हा खोडदे यांच्या घरोब्यातला असून सहज भेटायला आला असता चक्कर येऊन पडला, असे लिहिले आहे. खाली माझी आई लंकाबाई हिचा अंगठा आहे. तू असे का सांगितलेस, असे मी आईला मोठी झाल्यावर विचारले. ती म्हणाली, "शेठ माझ्यापुढं रडलं गं. म्हनलं, लंका, भाऊ हुता तो माझा. एवढ्या मोठ्या मान्सानं भाऊ म्हनल्यावर मी कुठल्या तोंडानं म्हनू, न्हाई, मजूर हुता?"

माझ्या शिक्षणाचा खर्च मिलने केला. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. निकालाच्या दिवशी सुनीलशेठ यांनी ऑफिसात पेढे वाटले. हे खरे आहे आणि तेही लिहून घ्यावे.

यंदा मिलला चाळीस वर्षे झाली. शेठनी मला ऑफिसात बोलावले आणि म्हणाले, "पोरी, जगाचा इतिहास शिकलीस, आता घरचा लिही. चांगलं जाड पुस्तक काढू." मला फार आनंद झाला. इतिहास पुराव्याने लिहायचा असतो असे मला शिकवले होते, म्हणून मी प्रत्येक जुन्या माणसाकडे गेले. पुठ्ठे वाळवणाऱ्या बनुबाई आता थकल्या आहेत, त्यांच्याकडेही गेले. त्या म्हणाल्या, "माझं काय लिवतीस बाई? माळावर दगडं ठेवली मी लई उन्हाळे. लिव, दगडाला दगड भेटला." मी तसेच लिहिले.

रद्दी घुसळण्याच्या हौदावर काम करणारे कानिफनाथ यांनाही मी भेटले. त्यांना मी मामा म्हणते. मी मिलच्या जुन्या दिवसांबद्दल विचारले, तर ते स्वतःहून म्हणाले, "ताई, दिवाळीत मशीन बंद हुतं. खालच्या टाकीत लगदा कुजला हुता. वास असा, की डोळ्यातनं पानी. शेठ वरनं म्हनले, लवकर करा, आर्डर हाय. वाल्मिक म्हनला, मी उतरतो, तुमी दोर धरा. दोर माझ्याच हातात हुता." एवढे बोलून ते उठून कामाला गेले. त्या टाकीत आजही उतरण्याआधी हवा तपासत नाहीत. तोंडाला रुमाल बांधतात.

मी पुस्तकात त्याबद्दल एक परिच्छेद लिहिला. कोणाला दोष दिला नाही. वाल्मिक भिमाजी पालवे हे टाकी साफ करताना गॅसने मयत झाले, एवढेच लिहिले. शेठनी तो काढला. मी विचारायला गेले तेव्हा ते चिडले नव्हते. म्हणाले, "अगं, घराच्या पुस्तकात असलं लिहितं का कोणी? परक्याला अपघात होतो. घरच्या माणसाचं दुःख असतं." मी म्हणाले, "मग दुःख म्हणून छापा." ते म्हणाले, "तुला शिकवली हीच चूक झाली." मग हसले आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

त्यानंतर मी याच ठाण्यात लेखी अर्ज घेऊन आले होते. जुनी नोंद चुकीची आहे, ती दुरुस्त व्हावी, असा अर्ज होता. वडील तिथे कामाला होते असे मिलचे पत्र आण, असे मला सांगितले. पत्र मागितल्यावर शेठ म्हणाले, "घरच्या माणसाला कसलं पत्र?" मी पुन्हा ठाण्यात आले. अर्ज घेतला नाही. बसायला मात्र खुर्ची दिली होती.

मिलच्या चाळीस वर्षांच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पुस्तके छापून टेम्पोने आली. ती माझ्या ताब्यात होती. मी एक उघडून पाहिले. पहिल्याच पानावर लिहिले होते की, चाळीस वर्षांत मिलमध्ये एकही अपघात झाला नाही. बनुबाईंचे दगडाचे वाक्य नव्हते. मधल्या पानावर जुना फोटो होता. त्यात माझे वडील गठ्ठे ओढायचा आकडा हातात धरून, अंगभर कागदाचा भुगा लागलेल्या अवस्थेत उभे आहेत. खाली ओळ होती, "खोडदे परिवार". मुखपृष्ठावर लेखिका म्हणून माझे नाव होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पाळीला मी सर्व गठ्ठे हातगाडीवर घालून हौदात रद्दी नेणाऱ्या पट्ट्याजवळ नेले. कानिफनाथ म्हणाले, "ताई, हे तर कोरं करकरीत हाय. इकडं कुठं?"
मी म्हणाले, "रद्दी आहे मामा."
ते हसून म्हणाले, "आजवर रद्दीचा कागद केला, आता कागदाची रद्दी व्हय? शेठला इचारू का?"
मी म्हणाले, "विचारा. पण आधी उघडून बघा."
त्यांनी एक उघडले. त्यांना वाचता येते. फोटोवर बोट ठेवून त्यांनी खालची ओळ वाचली. नंतर त्यांनी शेठला फोन केला नाही आणि मला अडवलेही नाही. गठ्ठे मी टाकले. बटण मी दाबले. त्यात त्यांचा काही भाग नाही, म्हणून त्यांना कामावरून काढू नये.

आतली पाने विरघळली. मुखपृष्ठांवर प्लॅस्टिक होते, ती विरघळली नाहीत. आप्पासाहेबांचा फोटो बराच वेळ वर तरंगत होता. तीच मुखपृष्ठे पोलिसांनी जप्त केली आहेत. लगदा खालच्या टाकीत गेला.

मी पळून गेले नाही. ऑफिसात जाऊन सुनीलशेठ यांना स्वतः सांगितले. ते म्हणाले, "घरात चोरी केलीस तू." मी म्हणाले, "मग फिर्याद द्या." त्यांनी दिली. ती लगेच घेतली गेली, आणि दुपारी मला जबाबासाठी बोलावणे आले. माझा अर्ज इथे कोणी घेत नव्हते. आरोप झाल्यावर माझे सगळे म्हणणे शब्दशः लिहून घेत आहेत. हे होईल हे मला माहीत होते. पुस्तके टाकण्याचे तेही एक कारण आहे. नुकसान मी केले, ते मला मान्य आहे.

पुस्तकाची एक प्रत मी मुद्दाम ठेवली होती. फोटोचे पान दुमडून ती या जबाबासोबत हजर करीत आहे. फोटोतील आकडा पाहावा. पाहुणा आकडा घेऊन येत नाही. माझे वडील टाकीत उतरले तेव्हा दोर कोणाच्या हातात होता ते वर आलेले आहे. कानिफनाथ यांचा जबाब घ्यावा. टाकीही बघावी, या आठवड्यात ती पुन्हा धुवायची आहे.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. सुरुवातीला वडिलांच्या नावापुढे मी काही सांगितले नव्हते म्हणून हवालदारांनी फिर्यादीत होते तसे "घरचा माणूस" लिहिले होते. ते मी थांबवून खोडायला लावले, त्याजागी "मिल कामगार" लिहून घेतले आणि शेजारी सही केली. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.